मधमाशी नको, मधमाशी हवी

देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, चिखली, लोणार. बुलडाणा जिल्ह्याच्या घाटावरच्या या पट्ट्यात हिवाळ्यात दोन तऱ्हेची शेतं शेजारी-शेजारी दिसतात. एकीकडे शेडनेट, त्यात मिरची, टोमॅटो, काकडी यांचं संकरित बियाणं. दुसरीकडे उघड्या रानात कांद्याचे पांढरे गोंडे, तेही बियाण्यासाठीच. शेडनेटमध्ये मधमाशी शिरली तर शेतकऱ्याला घोर लागतो, कारण ती कुठला पराग कुठे नेऊन टाकेल याचा नेम नाही. कांद्यात ती आली नाही तर त्याहून मोठा घोर, कारण तिच्याविना गोंड्यात दाणाच भरत नाही.

मित्रकीटक कोण आणि शत्रुकीटक कोण, याची यादी कृषी खात्याच्या प्रत्येक घडीपत्रिकेत सापडते. पण कीटक मित्र की शत्रू, हे तो कुठल्या रानात, कुठल्या वेळी आणि कोणासोबत आहे यावरही ठरतं. बीजोत्पादक शेतकऱ्याला हे इतरांहून लवकर कळतं, कारण चूक झाली तर त्याचा माल नापास होतो.

जाळीच्या आत

घाटाखाली उतरलं की मलकापूर, नांदुरा, शेगावकडे कपाशीचं राज्य. घाटावर मात्र शेजारच्या जालन्याचा वारा लागलेला. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये तिथे महिको सुरू केली, पुढे जालना बियाणे उद्योगाचं केंद्र झालं आणि बीजोत्पादनाचे प्लॉट आसपासच्या गावांत पसरले. संकरित टोमॅटोच्या बियाण्यासाठी मादी झाडाची कळी उमलण्याआधी, बहुधा संध्याकाळी, चिमट्याने उघडून पुंकेसर काढतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला नर झाडाचा पराग लावतात. हे काम बहुतेक बायांच्या हातचं. मधमाशीची मजुरी इथे माणूस करतो.

जाळी मधमाशीला अडवते, पण बारीक किडीला अडवतेच असं नाही. साधी हिरवी शेडनेट सावलीसाठी असते. पांढरी माशी रोखायची तर 40 मेशची कीटकरोधक जाळी लागते, आणि फुलकिडे तिच्यातूनही वाट काढतात. आत आलेल्या फुलकिड्याला पावसाचा मार नाही, वाऱ्याचा त्रास नाही आणि त्याला खाणारे कीटकही बाहेर राहिलेले. थोड्याशा किडींचा मग बघता बघता बुजबुजाट होतो.

मिरचीवरचा चुरडा-मुरडा हे याचं ओळखीचं उदाहरण. झाड आकसलं की हाताला लागेल ते औषध मारलं जातं. पण या एका लक्षणामागे तीन निरनिराळे गुन्हेगार असतात. पानाच्या कडा वर वळल्या असतील तर बहुधा फुलकिडे. कडा खाली वळल्या आणि देठ लांबले असतील तर कोळी. पानं बारीक राहून शिरा जाड झाल्या आणि झाड खुंटलं असेल तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. कोळी हा कीटकच नव्हे, त्याला आठ पाय. पुष्कळशा कीटकनाशकांनी त्याचं काही बिघडत नाही, त्याला कोळीनाशकच लागतं. विषाणूवर तर औषधच नाही. ते झाड उपटून नष्ट करणं आणि माशी आटोक्यात ठेवणं, एवढंच हाती उरतं.

फुलकिड्याची मादी अंडी पानाच्या आत घालते आणि कोषावस्था मातीत जाते. म्हणजे फवारा उडतो तेव्हा किडीची बरीच प्रजा त्याच्या टप्प्याबाहेर असते. आठवड्याने कीड पुन्हा दिसली की औषध बनावट असल्याचा संशय येतो. कधी तो खराही असतो, पण पुष्कळदा ती फक्त पुढची पिढी असते. त्यात सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं औषध वारंवार मारलं, तर कोळ्यांना खाणारे भक्षक आधी मरतात आणि कोळी व पांढरी माशी आधीपेक्षा जोमाने वाढतात.

जाळीच्या बाहेर

आता कांदा. एका गोंड्यात शेकडो बारीक फुलं असतात आणि ती काही आठवडे टप्प्याटप्प्याने उमलतात. प्रत्येक फुलातला पराग आधी झडतो, स्त्रीकेसर नंतर तयार होतं. त्यामुळे फूल स्वतःच्या परागावर फळू शकत नाही. एका फुलाचा पराग दुसऱ्याकडे नेणारं कोणीतरी लागतं, आणि ते काम मुख्यतः मधमाशीचं. त्यातही कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त, म्हणून मधमाशीला तो फारसा आवडत नाही. जवळ मोहरी किंवा दुसरं गोड फूल असलं की ती तिकडे वळते. गुळाचं पाणी शिंपडून तिला बोलावणारे शेतकरी आहेत. फुलोरा दहाएक टक्के उमलला की पेट्या आणून ठेवण्याची शिफारस आहे.

नेमक्या याच काळात कांद्यावर फुलकिडे असतात. ते पातीच्या बेचक्यात दडतात, पात खरवडून रस शोषतात आणि पातीवर चंदेरी चट्टे उमटतात. ते पाहून पंप पाठीला लागतो आणि भर सकाळी, गोंड्यांवर माश्या असतानाच फवारणी होते. फुलकिडे काही मरतात, काही राहतात. मधमाशी मात्र मोहोळात परतत नाही, किंवा विष घेऊन परतते. पुढे गोंडा दिसायला डेरेदार, आत निम्मा पोचट.

याला उपाय आहे, पण तो फुलोऱ्याच्या आधी करावा लागतो. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाने कांद्याच्या प्लॉटभोवती लागवडीच्या महिनाभर आधी मक्याच्या दोन ओळी लावायला सांगितलं आहे. वाऱ्यावर येणारे फुलकिडे या भिंतीपाशी अडतात. फुलोऱ्यात फवारणी टाळावी, आणि अगदीच अटळ असेल तर माश्या घरी गेल्यावर, संध्याकाळी करावी.

कीड बांधावरून येते, रक्षकही

भाजीच्या प्लॉटमधली कीड त्या प्लॉटपुरती नसते. टोमॅटो पोखरणारी अळी आणि हरभऱ्यावरची घाटे अळी एकच. तीच तुरीत आणि कपाशीतही असते. भोवताली ही पिकं असली की तिला वर्षभर पंगत मिळते. काही किडी त्याहून लांबून आल्या. दक्षिण अमेरिकेतली टोमॅटोची नागअळी, टूटा, भारतात प्रथम 2014 मध्ये आपल्या महाराष्ट्रातच आढळली. फुलात राहणारे काळे फुलकिडे 2015 मध्ये पपईवर नोंदले गेले आणि 2021 मध्ये त्यांनी तेलंगण-आंध्रात मिरची झोपवली.

रक्षकही बांधावरूनच येतात. ढालकिड्याला चवळीवरचा किंवा ज्वारीवरचा मावा आधी मिळाला, तर तो मिरचीवर मावा येईपर्यंत त्या शिवारात टिकतो. सिरफिड माशीच्या अळ्या मावा खातात, पण प्रौढ माशी कोथिंबीर, बडीशेपेच्या फुलांवर जगते. ट्रायकोग्रामा ही मिलिमीटरभरही नसलेली गांधीलमाशी पतंगाच्या अंड्यातच आपलं अंडं घालते. अळी जन्मण्याआधीच खेळ संपतो. बांध जाळला किंवा तणनाशकाने मोकळा केला की या साऱ्यांचा आसरा जातो. बंगळूरुच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेने सांगितलेला टोमॅटोच्या 16 ओळींमागे झेंडूची एक ओळ हा सापळाही असाच स्वस्त. टोमॅटोची रोपं 25 दिवसांची, झेंडूची 40 दिवसांची घ्यायची, म्हणजे पतंग अंडी घालायला निघतात तेव्हा झेंडू फुलावर असतो.

आधी मोजणी

इंडोनेशियाने 1986 मध्ये भातावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी घातली. ती मारूनही तुडतुडे वाढतच होते, कारण त्यांचे शत्रू मरत होते. तिथेच 1989 मध्ये शेतीशाळा सुरू झाली. आपला कृषी विभाग भरवतो त्या शेतीशाळेचं मूळ हेच. तिचा मुख्य धडा साधा आहे. सकाळी काही झाडं निवडून पानं उलटायची, कीड मोजायची आणि तिचे भक्षकही मोजायचे. दोन किडींमागे एक रक्षक असेल तर सहसा थांबता येतं. बुलडाणा ज्यात येतो त्या विदर्भाला न थांबण्याची किंमत वेगळी सांगायला नको: 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली.

मात्र एकट्या शेतकऱ्याने मोजून भागत नाही. शेडनेट हा एकाचा कारभार. आत काय मारायचं हे त्याचं तो ठरवू शकतो. कांद्याचं तसं नाही. आग्या मोहोळाच्या माश्या काही किलोमीटर फिरतात, त्यांना सातबारा ठाऊक नसतो. माझा प्लॉट मी फुलोऱ्यात जपला आणि शेजाऱ्याने सकाळी दहाला पंप चालवला, तर दाणा दोघांचाही जातो. कुठल्या रानात कोणती जात लावायची आणि दोन जातींत किती अंतर ठेवायचं, हे बियाणे कंपन्या करारात लिहून घेतात. फुलोऱ्यातली फवारणीची वेळही त्याच करारात यायला हवी, आणि गोंडे फुटायच्या आत ग्रामसभेतही ठरायला हवी: सूर्य मावळायच्या आधी शिवारात एकही पंप नाही. याला खर्च शून्य येतो, आणि शेजाऱ्याशी बोलण्यावाचून दुसरं काही लागत नाही.