हिरोची जाहिरात आणि आपला खिसा

पडद्यावरचा हिरो कालपर्यंत मोबाईलवर रमी खेळा म्हणत होता आणि वस्तीतली कमावती पोरे महिन्याचा पगार त्यात घालवून बसत होती. दोष कुणाचा? आम्ही म्हणतो, दोघांचाही.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने फसव्या जाहिरातीत चेहरा देणाऱ्या नामवंतांना १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद केली. २०२५ साली संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदीचा कायदा केला. चांगलेच झाले. पण कायदा नसतानाही नकार देता येतोच. २००१ साली ऑल इंग्लंड बॅडमिंटन स्पर्धा जिंकलेल्या पुल्लेला गोपीचंद यांनी कोलाची जाहिरात नाकारली. जे आपण पीत नाही, ते मुलांना प्या कसे सांगायचे, ही त्यांची भूमिका.

आणि आपली जबाबदारी? १९४३ साली पुण्यात रानड्यांवरील भाषणात बाबासाहेबांनी विभूतिपूजेला कडाडून विरोध केला. जे पुढाऱ्याबाबत खरे, ते नटाबाबत खरे नाही काय? नटाची कला जरूर आवडावी, पण त्याच्या शब्दावर घामाचा पैसा लावू नये.

माता-भगिनींनो, बांधवांनो, टीव्हीवर जाहिरात लागली की मुलांना एवढेच विचारा : हे सांगायचे याला किती पैसे मिळाले असतील?