ॲबिंग्डन ते हालोल : एका स्पोर्ट्स मोटारीची बाजारपेठ

वडोदऱ्याजवळील हालोल येथील कारखान्यातून ज्या मोटारी बाहेर पडतात, त्यांवर ‘एम. जी.’ ही दोन अक्षरे असतात. ‘मॉरिस गॅराजेस’ या नावाची ही आद्याक्षरे होत. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड शहरातील एका गॅरेजचे हे नाव एके काळी स्पोर्ट्स मोटारीमुळे जगभर पोहोचले. बाजारपेठ एखाद्या उद्योगाला कशी वाढविते आणि तीच त्याला कशी मोडते, हे या नावाच्या इतिहासावरून चांगले समजते.

स्पोर्ट्स मोटार म्हणजे काय?

स्पोर्ट्स मोटार म्हणजे केवळ शर्यतीची मोटार नव्हे. दोन माणसांपुरती, वजनाने हलकी, जमिनीलगत बसणारी आणि बहुधा उघड्या टपाची अशी ही मोटार असते. तिचा खरा गुण वळणावर दिसून येतो. गवताने उंच भरलेली बैलगाडी उताराच्या वळणावर कलंडण्याची भीती असते. रिकामी गाडी सहज वळते. मोटारीचेही तसेच आहे. भार खाली असला की ती वळणावर झुकत नाही, आणि वजन कमी असले की लहान एंजिनही तिला पुरेसा वेग देते.

सामान्यांच्या आवाक्यात

विल्यम मॉरिस यांनी सायकलदुरुस्तीपासून व्यवसायास आरंभ केला आणि पुढे मोटारींचा मोठा कारखाना उभारला. त्यांच्या ऑक्सफर्डमधील गॅरेजचे व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी साध्या मॉरिस मोटारीच्या सांगाड्यावर हलकी व देखणी बॉडी चढविण्यास सुरुवात केली. १९२४ पासून एम. जी. हे नाव रूढ झाले. १९२९ मध्ये हा कारखाना ऑक्सफर्डच्या दक्षिणेस सुमारे १० किलोमीटरवर असलेल्या ॲबिंग्डन या लहान गावी हलविण्यात आला.

त्याच सुमारास आलेल्या ‘मिजेट’ या मोटारीची किंमत १७५ पौंड होती. तिचे एंजिन अवघे ८४७ घनसेंटिमीटरचे असून ते मॉरिसच्या साध्या मोटारीतून घेतलेले होते. जे भाग आधीच मोठ्या संख्येने तयार होत होते, ते वापरल्यामुळेच ही किंमत शक्य झाली. तोवर श्रीमंतांचा शौक समजली जाणारी वस्तू मध्यमवर्गीय तरुणांच्या आवाक्यात आली. १९३२ पर्यंत तीन हजारांहून अधिक मिजेट मोटारी तयार झाल्या.

अमेरिकेची बाजारपेठ

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला परकीय चलनाची तीव्र निकड होती. जो कारखाना निर्यात करील त्याला पोलाद, असे सरकारचे धोरण होते. युद्धकाळात इंग्लंडमध्ये राहिलेल्या अमेरिकन सैनिकांनी या छोट्या मोटारी पाहिल्या होत्या. त्यांच्या देशातील मोटारी लांबरुंद व जड असल्याने अशा मोटारीला तेथे प्रतिस्पर्धी नव्हता. १९५५ ते १९६२ या काळात ‘एम. जी. ए.’ प्रकारच्या एक लाखाहून अधिक मोटारी ॲबिंग्डनला तयार झाल्या, आणि त्यांपैकी दहांत नऊहून अधिक परदेशी गेल्या. १९६२ मध्ये आलेल्या ‘एम. जी. बी.’ची एकूण संख्या तर पाच लाखांच्या पुढे गेली. एका लहान गावातील कामगारांचे कौशल्य परदेशातील रस्त्यांवर धावू लागले.

एकाच ग्राहकावर भिस्त

मात्र या यशातच धोका दडलेला होता. अमेरिकेने सुरक्षितता व धूर यांविषयी नवे नियम केले. ते पाळण्यासाठी १९७४ मध्ये ‘एम. जी. बी.’ला रबराचे जाड काळे बंपर बसविण्यात आले व तिची उंची वाढविण्यात आली. धुराच्या नियमांमुळे एंजिनची शक्तीही घटली. हलकेपणा व ठेंगणेपणा हे जिचे गुण, तीच मोटार जड आणि उंच झाली. याच दशकात जपानची ‘डॅटसन २४० झेड’ ही नवी मोटार अमेरिकेत लोकप्रिय झाली. एम. जी.ची मालक असलेली ब्रिटिश लेलँड ही कंपनी तोट्यात जाऊन १९७५ मध्ये सरकारकडे आली होती; मूळ मोटारीची जागा घेणारी नवी मोटार ॲबिंग्डनला मिळाली नाही.

शेवटचा आघात चलनाच्या दराचा होता. ऑक्टोबर १९७६ मध्ये एका पौंडास सुमारे १.६५ डॉलर पडत. ऑक्टोबर १९८० मध्ये सुमारे २.४० डॉलर पडू लागले. समजा, एक मोटार अमेरिकेत सहा हजार डॉलरना विकली गेली. पहिल्या दराने तिचे साडेतीन हजारांहून अधिक पौंड होतात, दुसऱ्या दराने अवघे अडीच हजार. कामगारांचे वेतन व पोलादाची किंमत मात्र पौंडांतच द्यावी लागे.

सप्टेंबर १९७९ मध्ये ॲबिंग्डनने कारखान्याची पन्नास वर्षे उत्साहाने साजरी केली. त्यापाठोपाठ कारखाना बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. मोटारमालकांनी लंडनमध्ये निदर्शने केली. पण निर्णय बदलला नाही. ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची मोटार बाहेर पडली आणि गावाचा मुख्य रोजगार गेला.

मागणी संपली नव्हती

विशेष म्हणजे अशा मोटारीची मागणी संपलेली नव्हती. १९८९ मध्ये जपानच्या माझदा कंपनीने ‘एम. एक्स. ५’ ही हलकी, उघड्या टपाची मोटार आणली. २०१६ पर्यंत तिची संख्या दहा लाखांवर गेली. जुना गुण नव्या तंत्राने जपणाऱ्यास बाजारपेठ मिळाली.

एम. जी. हे नाव २००५ मध्ये एका चिनी कंपनीकडे व २००७ मध्ये शांघायच्या सैक कंपनीकडे गेले. हालोलचा कारखाना १९९६ पासून जनरल मोटर्सच्या गाड्या तयार करीत होता. २०१७ मध्ये तेथील उत्पादन थांबले आणि २०१९ पासून तेथून एम. जी.च्या कुटुंबोपयोगी मोटारी निघू लागल्या. भारतीय ग्राहकाला या मोटारी हव्या होत्या. २०२२ मध्ये जपानला मागे टाकून भारत ही जगातील तिसऱ्या क्रमांकाची मोटार-बाजारपेठ ठरली.

बाजारपेठेची वाढ ही आनंदाची बाब खरीच. पण एकाच वस्तूवर व एकाच ग्राहकावर विसंबलेल्या गावाची स्थिती किती नाजूक असते, हे ॲबिंग्डनने दाखविले आहे. नाव विकता येते, यंत्रे हलविता येतात. कामगाराच्या हातातील कसब मात्र त्याच्याजवळच राहते. ते नव्या तंत्रासाठी वेळोवेळी घडविणे, हीच औद्योगिक गावाची खरी ठेव होय.