लहान मुलांची पाळीव प्राण्यांशी पहिली ओळख

लहान मुलांची पाळीव प्राण्यांशी पहिली ओळख म्हणजे साधारणतः एक ते पाच वर्षे वयाच्या मुलास गाय, वासरू, शेळी, ससा, कोंबडी यांसारखे माणसाळलेले प्राणी मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली जवळून दाखविणे व त्यांना हात लावू देणे होय. असे प्राणी खास याच हेतूने जेथे ठेवलेले असतात, त्या ठिकाणास 'पेटिंग झू' म्हणतात. महाराष्ट्रातील परभणी जिल्ह्यात ही ओळख मुख्यत्वे घरचा किंवा नातेवाइकांचा गोठा, शेत आणि पोळा व वसुबारस या सणांच्या निमित्ताने होते. ठिकाण कोणतेही असले तरी मुलाची सुरक्षितता, हातांची स्वच्छता आणि प्राण्याची सोय या तीन बाबी समान महत्त्वाच्या ठरतात.

पार्श्वभूमी

प्राणिसंग्रहालयात मुलांसाठी स्वतंत्र विभाग ठेवण्याची कल्पना विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाली. अमेरिकेतील फिलाडेल्फिया प्राणिसंग्रहालयात असा विभाग १९३८ साली सुरू झाला. शहरी मुलांचा गोठ्याशी संबंध तुटत चालल्याने अशा विभागांची गरज वाढत गेली. महाराष्ट्रात हेच काम अलीकडे कृषी पर्यटन केंद्रे करू लागली असून, राज्य शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण जाहीर केले. बैलगाडीतून फेरी, गाईचे दूध काढताना पाहणे, शेळ्यांना पाला घालणे हे अशा केंद्रांवरील नेहमीचे कार्यक्रम होत.

परभणी जिल्ह्यातील पशुधन

परभणी हा मराठवाड्यातील प्रामुख्याने शेतीप्रधान जिल्हा आहे. परभणी शहरात वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ (स्थापना १९७२) आहे. येथील पशुवैद्यक व पशुविज्ञान महाविद्यालय नागपूर येथील महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत येते.

जिल्ह्यातील मुलांच्या पाहण्यात येणाऱ्या स्थानिक जनावरांत पुढील जाती प्रमुख आहेत :

लाल कंधारी : नांदेड जिल्ह्यातील कंधार भागावरून नाव पडलेली, गडद तांबड्या रंगाची गोवंश जात. शेतीकामासाठी बैल प्रसिद्ध.

देवणी : लातूर जिल्ह्यातील देवणी-उदगीर परिसरातील जात. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके किंवा पट्टे हे तिचे ठळक रूप. दूध आणि शेतीकाम या दोन्हींसाठी उपयुक्त.

उस्मानाबादी शेळी : बहुधा काळ्या रंगाची, काटक जात. हिची करडे आकाराने लहान असल्याने मुलांना ती मोठ्या जनावरांपेक्षा कमी भीतिदायक वाटतात.

सण आणि पहिली ओळख

श्रावण अमावास्येस साजरा होणारा पोळा हा बैलांचा सण आहे. आदल्या दिवशी सायंकाळी खांदेमळणी होते. पोळ्याच्या दिवशी बैलांना धुऊन, शिंगे रंगवून, झूल व घुंगुरमाळा घालून सजवितात आणि पुरणपोळीचा नैवेद्य देतात. घरातील लहान मुलास बैलाच्या कपाळाला कुंकू लावावयास सांगणे किंवा त्याच्या पाठीवर हात ठेवावयास देणे अनेक घरांत घडते. ज्यांच्याकडे जनावरे नाहीत, ते मातीच्या बैलांची पूजा करतात. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा साजरा करतात.

आश्विन वद्य द्वादशीस, म्हणजे दिवाळीच्या आरंभी येणाऱ्या वसुबारसेला, सवत्स गाईची पूजा होते. गाय आणि वासरू एकत्र पाहण्याची ही मुलांसाठी सहज मिळणारी संधी होय. ट्रॅक्टरचा वापर वाढल्याने दावणीची बैलजोडी अनेक घरांतून कमी झाली आहे. त्यामुळे शहरात वाढणाऱ्या मुलाच्या दृष्टीने हे दोन सणच कधीकधी जनावराजवळ जाण्याचे निमित्त ठरतात. मात्र मिरवणुकीतील वाजंत्री, फटाके आणि गर्दी यांमुळे एरवी शांत असणारे जनावरही बिथरू शकते. म्हणून पहिली ओळख मिरवणुकीत न करता गोठ्यात, जनावर बांधलेले व निवांत असताना करणे अधिक सुरक्षित असते.

पूर्वतयारी

चित्रात तळहाताएवढी दिसणारी गाय प्रत्यक्षात मुलाहून उंच असते. तिचा वास, हंबरणे आणि फुरफुरणे यांची चित्रावरून कल्पना येत नाही. त्यामुळे मूल प्रथम दचकणे किंवा रडणे स्वाभाविक आहे. अशा वेळी त्यास कडेवर घेऊन काही अंतरावरून पाहू द्यावे आणि जवळ जाण्याचा आग्रह धरू नये. केवळ पाहून परतणे हीदेखील पहिली भेटच होय. बळजबरीने हात लावावयास दिल्यास भीती अधिक घट्ट होण्याचा संभव असतो.

परभणीत उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. त्या दिवसांत सकाळची वेळ योग्य ठरते. पायांत बंद चपला किंवा बूट असावेत. शेळ्या कापडाची टोके, नाड्या व कागद चघळतात, त्यामुळे लोंबते कपडे टाळावेत.

प्राण्याजवळ जाण्याची रीत

गाई-बैलांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यांना आजूबाजूचे बरेच दिसते, परंतु थेट पाठीमागचे दिसत नाही. म्हणून मागून न जाता, जनावरास दिसेल अशा रीतीने बाजूने, आवाज देत, खांद्याच्या दिशेने जावे. पहिला स्पर्श मान किंवा खांद्यावर उघड्या तळहाताने करावा. शेपूट, कान, शिंगे आणि कास यांना मुलास हात लावू देऊ नये. डोके खाली करून शिंगे रोखणे, पाय आपटणे, जोराने फुरफुरणे ही माघार घेण्याची सूचना समजावी. नुकतीच व्यायलेली गाय किंवा म्हैस वासराच्या रक्षणासाठी मारकी होऊ शकते, तर माजावर आलेला बोकड धडक देतो. यांच्याजवळ मुलांना नेत नाहीत.

सशाचा कणा नाजूक असतो. उचलताना त्याने जोराने पाय झाडल्यास कण्यास इजा होऊ शकते. त्यामुळे ससा मुलाच्या हातात न देता जमिनीवर बसलेला असताना कुरवाळू द्यावा; त्यास कानांनी धरून उचलू नये. खाऊ घालताना पाला किंवा कडबा सपाट तळहातावर अथवा लांब धरून द्यावा.

आरोग्यविषयक दक्षता

गाई, शेळ्या व मेंढ्या स्वतः आजारी न दिसताही त्यांच्या शेणात किंवा लेंड्यांत ई. कोलाय ओ१५७ हा जिवाणू असू शकतो. त्याच्या संसर्गाने पाच वर्षांखालील मुलांत मूत्रपिंडे निकामी होण्यापर्यंत मजल जाऊ शकते. इंग्लंडमधील गॉडस्टोन येथे २००९ साली मुलांसाठी खुल्या असलेल्या फार्मवरून ९३ जणांना हा संसर्ग झाला. त्यांत लहान मुलांची संख्या मोठी होती. कोंबड्या व त्यांच्या पिलांपासून साल्मोनेलाचा संसर्ग होऊ शकतो.

यावरील मुख्य उपाय म्हणजे साबण व वाहत्या पाण्याने हात धुणे. अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर हा त्यास पूर्ण पर्याय नाही. प्राण्यांजवळ असताना मुलास खाऊ, दुधाची बाटली किंवा चोखणी देऊ नये. अंगठा चोखणाऱ्या मुलांकडे विशेष लक्ष ठेवावे. मुलास धारोष्ण दूध पाजण्याची प्रथा काही घरांत आढळते. परंतु कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस व क्षयरोग यांसारखे आजार पसरू शकतात. दूध उकळूनच द्यावे. गोठ्यातील मातीत धनुर्वाताचे जिवाणू असू शकतात, म्हणून मुलाचे नियमित लसीकरण पूर्ण असावे. जनावरांना होणारा लम्पी त्वचारोग मात्र माणसास होत नाही.

कुत्रा किंवा मांजर चावल्यास अथवा ओरबाडल्यास जखम तत्काळ साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन, विलंब न लावता रुग्णालयात रेबीज प्रतिबंधक उपचार सुरू करावे लागतात. जखमेवर हळद, चुना किंवा तिखट लावणे घातक ठरते. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने गाई-म्हशींनाही रेबीज होतो. लाळ गाळणाऱ्या, सतत हंबरणाऱ्या किंवा गिळू न शकणाऱ्या जनावरापासून मुलांना दूर ठेवावे.

प्राण्यांचे हित आणि कायदा

सतत हाताळले गेल्याने प्राण्यांवर ताण येतो. त्यामुळे प्राण्यास सावली, पाणी, विश्रांतीची वेळ आणि मुलांपासून दूर जाता येईल अशी जागा असणे हे चांगल्या केंद्राचे लक्षण मानले जाते. भारतात प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार पोपट, तारा कासव यांसारखे भारतीय वन्यजीव पाळणे किंवा मुलांना हाताळण्यासाठी ठेवणे बेकायदेशीर आहे. प्राणिसंग्रहालयातील प्राण्यांना डिवचणे किंवा त्रास देणे याच अधिनियमान्वये निषिद्ध आहे. त्यामुळे स्पर्शाचा अनुभव केवळ माणसाळलेल्या पाळीव प्राण्यांपुरताच मर्यादित राहतो.