जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यास भौतिकशास्त्र कशासाठी?

वनस्पतिशास्त्र वा प्राणिशास्त्र घेऊन महाविद्यालयाच्या प्रथम वर्षात आलेल्या विद्यार्थ्यांच्या, आणि त्यांच्याहून अधिक आवेशाने त्यांच्या पालकांच्या, तोंडून वर्षानुवर्षे एकच वाक्य ऐकावे लागते: ‘आम्हांला भौतिकशास्त्राशी काय कर्तव्य? कसेबसे पास झालो म्हणजे सुटलो.’ हा केवळ आळसाचा उद्गार असता तर त्याकडे काणाडोळा करता आला असता. परंतु जडसृष्टीच्या नियमांचा अंमल सजीवाच्या त्वचेपाशी संपतो आणि आत निराळाच कायदा चालू होतो, अशी जी समजूत त्याच्या बुडाशी आहे, ती साफ चुकीची आहे.

द्रवाच्या प्रवाहाचा जो नियम भौतिकीच्या पुस्तकात प्वाझयच्या नावाने छापलेला असतो, तो शोधणारा हा गृहस्थ पॅरिसचा वैद्य होता, आणि केशवाहिन्यांतून रक्त कसे वाहते हे कळावे म्हणूनच त्याने 1840 च्या सुमारास अतिशय बारीक काचनळ्यांतून पाणी सोडून मापे घेतली. दाब, नळीची लांबी आणि द्रवाची श्यानता कायम असता प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो, असे त्यातून निष्पन्न झाले. आता रोहिणीची त्रिज्या 20 टक्क्यांनी आकुंचित झाली तर प्रवाह किती घटेल, असे विचारताच ‘20 टक्के’ हे उत्तर बिनदिक्कत येते. हिशेब करून पाहावा: 0.8 चा वर्ग 0.64, त्याचा पुन्हा वर्ग 0.41, म्हणजे प्रवाह 59 टक्क्यांनी घटला! त्रिज्या निम्मी झाली तर सोळावा हिस्साच उरतो. रक्त हा पाण्याइतका साधा द्रव नव्हे आणि रोहिणी काचेइतकी ताठ नव्हे, ही हरकत रास्त आहे. तथापि रोहिणिकांचे स्नायू किंचित आवळून शरीर एखाद्या अवयवाचा रक्तपुरवठा एवढा कमीजास्त कसा करते, याचा उलगडा या चौथ्या घातावाचून होत नाही.

असे दाखले विरळा नाहीत. ऊर्जेच्या अक्षय्यतेवर 1847 साली निबंध लिहिणारा हेल्महोल्ट्स त्या वेळी लष्करात शल्यवैद्य होता. आणि आपल्याकडे मद्रासला कोलॅजेन या प्रथिनाची तिपेडी रचना 1954-55 साली क्ष-किरणांच्या साह्याने मांडणारे जी. एन. रामचंद्रन हे भौतिकशास्त्रज्ञ होते.

कलनशास्त्रावाचून हा विषय समजत नाही, ही भीतीही निराधार आहे. वरच्या हिशेबास गुणाकार पुरला, आणि प्रारंभिक अभ्यासक्रमाचा बराचसा भाग प्रमाण, घात व लॉगॅरिदम यांवर निभावतो. प्रात्यक्षिक म्हणजे जर्नल भरण्याचे काम, हाही एक समज. पण सूक्ष्मदर्शकातून मोजलेल्या पेशीच्या लांबीतले किती अंक विश्वसनीय मानावेत, हा विवेक वर्नियरचे लघुत्तम माप काढतानाच अंगी येतो.

राहता राहिले सूत्रांचे पाठांतर. विसरणास लागणारा काळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे वाक्य पुष्कळांना मुखोद्गत असते. परंतु लहान रेणूस पाण्यात 10 मायक्रोमीटर पसरण्यास सेकंदाचा विसावा भाग लागत असेल, तर 1 सेंटिमीटर पसरण्यास सुमारे 14 तास लागतील, आणि म्हणूनच अमीबाचे हृदयावाचून भागते व बेडकाचे भागत नाही, इथपर्यंत त्यांतले फार थोडे जण येऊन पोहोचतात.