शिकवणं: नोकरी, करिअर की पाचारण?

'पाचारण' हा शब्द तुम्ही शेवटचा कुठे वाचलात? बहुतेक बातमीत. 'आग विझवण्यासाठी अग्निशमन दलाला पाचारण करण्यात आले' वगैरे. पण तुम्ही पापडी, नंदाखाल, निर्मळ, आगाशी अशा वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या गावचे असाल, तर हा शब्द चर्चमध्येही ऐकला असेल. तिथे पाचारण म्हणजे देवाने दिलेली हाक. 'पाचारणासाठी प्रार्थना करूया' असं फादर म्हणाले की लहानपणी आम्हाला वाटायचं, आता कोणीतरी फादर नाहीतर सिस्टर होणार.

आमच्या घरात मात्र हा शब्द शाळेसाठीही वापरला जायचा. आई मराठी माध्यमाच्या शाळेत गणित-विज्ञान शिकवायची. निवृत्त झाली तरी आजही संध्याकाळी ओटीवर आळीतली दोन-चार मुलं वह्या घेऊन बसलेली असतात. आता माझी मावसबहीण एका विनाअनुदानित शाळेत शिकवते. मागच्या वर्षी तिने पगारवाढ मागितली, तर उत्तर आलं, "टीचर, हे सेवाकार्य आहे ना?" घरी येऊन तिने मला विचारलं, "तू संशोधन करतेस ना? मग सांग, पाचारण असलं की पगार मागायचा नसतो का?"

प्रश्न साधा वाटला, पण त्यावर खरोखरच संशोधन झालेलं आहे. तेच आज सांगते.

सुरुवात 1997 पासून करू. एमी रेझ्नेस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत 196 नोकरदारांचा अभ्यास केला. प्रत्येकाला तीन काल्पनिक माणसांची वर्णनं वाचायला दिली. पहिला माणूस पगारासाठी काम करतो, दुसरा बढतीसाठी आणि तिसऱ्याला ते कामच आपल्या आयुष्याचा भाग वाटतं. मग विचारलं, यातला तुमच्यासारखा कोण? नोकरी, करिअर आणि पाचारण असे साधारण एक-एक तृतीयांश गट पडले. गंमत पुढे आहे. या लोकांमध्ये एकाच प्रकारचं कार्यालयीन काम करणाऱ्या 24 जणी होत्या, आणि त्यांच्यातही जवळपास तशीच विभागणी झाली. म्हणजे पाचारण हे कामाच्या नावावरून ठरत नाही. आपण कामाकडे कसं बघतो, त्यावर ते बरंचसं अवलंबून असतं. पाचारणवाल्या गटात समाधान जास्त होतं, रजा कमी होत्या. (इथे एक सावधगिरी हवी: पाचारणामुळे समाधान मिळतं की समाधानी माणसाला काम पाचारण वाटतं, हे अशा पाहणीतून कळत नाही.)

इथवर सगळं छान आहे. पण 2009 मध्ये बंडरसन आणि थॉम्पसन यांनी प्राणिसंग्रहालयात प्राण्यांची निगा राखणाऱ्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला. शिकलेले लोक, पगार कमी, काम कष्टाचं, तरी बरेच जण म्हणत होते, 'मी यासाठीच जन्माला आलो.' ज्यांची ही भावना तीव्र, त्यांना काम जास्त अर्थपूर्ण वाटायचं. पण पैसा, वेळ, आराम सोडायलाही तेच जास्त तयार असायचे. आणि व्यवस्थापन आपल्या या भावनेचा फायदा तर घेत नाही ना, याबाबत जास्त सावधही तेच असायचे. संशोधकांनी याला दुधारी तलवार म्हटलं.

तलवारीची दुसरी धार 2020 च्या एका अभ्यासात आणखी स्पष्ट झाली. किम आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं दिसलं की एखाद्याला कामाची मनापासून आवड आहे असं कळलं, की त्याला बिनपगारी जादा काम देणं, सुट्टीच्या दिवशी बोलावणं, भलतीच कामं सांगणं लोकांना जास्त रास्त वाटू लागतं. 'त्याला आवडतंच की!' हे वाक्य आपणही कुणाबद्दल तरी बोललेलो असतो.

आपल्याकडे तर हे पदाच्या नावातच आहे. महाराष्ट्रात 2000 साली 'शिक्षण सेवक' योजना आली. त्यात पहिली तीन वर्षं पगार नाही, ठरावीक मानधन मिळतं. 2023 च्या वाढीआधी प्राथमिकच्या शिक्षण सेवकाचं मानधन महिना 6,000 रुपये होतं. वाढीनंतर ते 16,000 झालं. 'सेवक' आणि 'मानधन' हे दोन्ही शब्द किती सन्मानाचे! पण त्या रकमेत घरभाडं भरायचं म्हटलं तर?

आता मावसबहिणीच्या प्रश्नाकडे येऊ, कारण तिच्यासाठी पाचारण हा श्रद्धेचा शब्द आहे. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने आग्रहाने मांडलं की हाक फक्त मठात जाणाऱ्यालाच येते असं नाही, रोजचं प्रामाणिक काम हेही पाचारणच. कॅथलिक चर्चनेही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 1965 च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात शिकवण्याला पाचारण म्हटलं. पुढे 1982 मध्ये व्हॅटिकनने शाळांतल्या प्रापंचिक शिक्षकांवर, म्हणजे फादर-सिस्टर नसलेल्या शिक्षकांवर, एक स्वतंत्र दस्तऐवज काढला. त्यात त्यांच्या कामाला पाचारण म्हटलंच आहे. पण त्याच दस्तऐवजात असंही आहे की त्यांना स्पष्ट करार आणि पुरेसा पगार मिळावा, सन्मानाने जगता येईल इतका, पोटासाठी दुसरं काम शोधावं लागणार नाही इतका. म्हणजे पाचारण सांगणारा कागद आणि पगार सांगणारा कागद एकच!

मग वर्गात हे पाचारण दिसतं कसं? वसई-विरारच्या एकाच बाकावर वेगवेगळ्या धर्मांची मुलं बसतात. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत संमतीशिवाय कोणालाही धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही, हे संविधानाचं कलम 28(3) सांगतं. आईने वर्गात कधी प्रवचन दिलं नाही. अपूर्णांक न कळलेल्या मुलासाठी मधल्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून थांबणं, एवढंच तिचं पाचारण मला दिसलं. ती थांबायची ते स्वतःच्या मनाने. कुणी तिला 'थांबायलाच हवं' म्हणालं असतं, तर ती जादा तासिका झाली असती, आणि जादा तासिकेचा हिशोब मागता येतो.

मावसबहिणीला मी हेच सांगितलं. हाक देवाची आहे, तिला उत्तर तू दे. करार शाळेशी आहे, त्याचं उत्तर शाळेने द्यावं. एकाची थकबाकी दुसऱ्याच्या खात्यात टाकता येत नाही.

तिने लेखी अर्ज दिलाय. उत्तर अजून आलेलं नाही. दरम्यान सातवीचे अपूर्णांक तिने शिकवायला घेतलेत, आणि दोन मुलांसाठी ती मधल्या सुट्टीत थांबते आहे.