संतांच्या गावातले खून

शेरलॉक होम्सचा जन्म एका वार्षिक अंकात झाला, ही गोष्ट दिवाळी अंकाच्या वाचकाला आवर्जून सांगावी अशी आहे. १८८७ सालच्या ‘बीटन्स ख्रिसमस अ‍ॅन्युअल’मध्ये आर्थर कॉनन डॉयल यांची ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ ही कादंबरी छापून आली. सर्व हक्कांसह तिचे मोल झाले अवघे २५ पौंड. लंडनमधल्या रिकाम्या घरात सापडलेले प्रेत आणि भिंतीवर रक्ताने लिहिलेला शब्द बहुतेकांना आठवतो. निम्मी कादंबरी संपल्यावर कथा एकदम अमेरिकेतल्या युटाच्या वाळवंटात जाते, हे मात्र अनेकजण विसरतात. तिथे मॉर्मन पंथीयांच्या वसाहतीत एका मुलीचे बळजबरीने लग्न लावले जाते, तिला वाढवणाऱ्या बापाचा खून होतो आणि पुढे कित्येक वर्षांनी तिचा प्रियकर सूड घेण्यासाठी लंडन गाठतो.

हे मॉर्मन कोण? जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली न्यूयॉर्क राज्यात हा पंथ स्थापन केला. ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा त्यांचा पवित्र ग्रंथ. अनुयायी स्वतःला ‘लॅटर-डे सेंट्स’, म्हणजे अखेरच्या काळातले संत म्हणवतात. १८३८ मध्ये मिसुरीच्या गव्हर्नरने त्यांना राज्यातून हाकलण्याचा, नाहीतर त्यांचा नायनाट करण्याचा हुकूम काढला. १८४४ मध्ये इलिनॉयमधल्या तुरुंगात जमावाने स्मिथ यांना ठार मारले. मग ब्रिगहॅम यंग यांच्या मागोमाग हे लोक पश्चिमेकडे निघाले आणि १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात स्थिरावले. तिथे त्यांनी बहुपत्नीत्वाचा उघड पुरस्कार केला. १८९० मध्ये ती प्रथा अधिकृतपणे सोडली.

त्यांच्याविषयीची भीती अगदीच निराधार नव्हती. १८५७ मध्ये माउंटन मेडोज इथे मॉर्मन सैनिकांनी सुमारे १२० प्रवाशांची कत्तल केली. ‘डॅनाइट’ नावाची गुप्त टोळीही मिसुरीत १८३८ च्या सुमारास होती. डॉयल यांनी तीच टोळी उचलून युटात बसवली आणि तिला सर्वत्र डोळे असलेल्या राक्षसाचे रूप दिले. युटाची भूमी तोवर त्यांनी पाहिलेलीही नव्हती. त्यांच्या दोन वर्षे आधी स्टीव्हन्सन पती-पत्नींच्या ‘द डायनामायटर’मध्येही असाच मॉर्मन खलनायक येऊन गेला होता. म्हणजे खलनायकाचा साचा तयारच होता.

हे साचे कसे घडतात, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. १८९० सालच्या ‘द साइन ऑफ फोर’मध्ये याच डॉयल यांनी आग्र्याचा खजिना आणि विषारी बाण मारणारा अंदमानी आदिवासी रंगवला. तो वाचताना आपण चपापतो. मॉर्मन वाचकाला पहिली कादंबरी वाचताना तसेच वाटले, तर नवल नाही.

पुढचे शतकभर असे खलनायक येत राहिले. मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चित्र हळूहळू पालटले. रॉबर्ट आयर्विन यांच्या ‘बॅप्टिझम फॉर द डेड’ (१९८८) या कादंबरीचा नायक सॉल्ट लेक सिटीतला खासगी गुप्तहेर आहे. त्याचे नाव मोरोनाय ट्रॅव्हलर. मंदिराच्या कळसावरच्या सोनेरी देवदूताचे नाव घेऊन हा अश्रद्ध माणूस गावभर फिरतो. ब्रायन एव्हन्सन हे तर पंथातच वाढले आणि पुढे त्यातून बाहेर पडले. त्यांची ‘द ओपन कर्टन’ (२००६) ब्रिगहॅम यंग यांच्या नातवाने १९०२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये केलेल्या खुनाभोवती फिरते. पूर्वजांचा हिंसाचार आजच्या मुलाच्या मनात कसा शिरतो, हा तिचा विषय.

पण खरी कलाटणी दिली ती मेटी आयव्ही हॅरिसन यांनी. ‘द बिशप्स वाइफ’ (२०१४) लिहिताना त्या स्वतः पंथातच होत्या. मॉर्मन बिशप हा पगारी धर्मगुरू नसतो. नोकरी-धंदा सांभाळून तो काही वर्षे आपल्या ‘वॉर्ड’ची, म्हणजे स्थानिक मंडळीची जबाबदारी वाहतो. लोक त्याच्यापाशी पापांची कबुली देतात आणि ते त्याने पोटात ठेवायचे असते. पुरोहितपद फक्त पुरुषांना मिळते. त्यामुळे बिशपची बायको लिंडा हिला कसलाच अधिकार नाही. मात्र मायेने विचारपूस करण्याच्या निमित्ताने ती कुणाच्याही स्वयंपाकघरात जाऊ शकते. एके दिवशी एक शेजारी लहान मुलीला घेऊन दारात उभा राहतो. बायको घर सोडून गेली, असे तो सांगतो. लिंडाला ते पटत नाही आणि तिचा शोध सुरू होतो.

रहस्यकथेच्या दृष्टीने यातला फरक मोठा आहे. डॉयल यांच्या कथेत भय येते ते पंथाच्या विचित्रपणातून: बंद दारे, गुप्त खुणा, मुखवटे. हॅरिसन यांच्या कथेत मुखवटे नाहीत. इथे सगळे सभ्य, कामसू, एकमेकांना जेवणाचे डबे पोचवणारे. भय आहे ते याच सभ्यतेत. नवऱ्याचा शब्द मोडू नये, संसार तुटू देऊ नये, बाहेर बोभाटा होऊ देऊ नये, असे सांगणारी भली माणसेच एखाद्या बाईचा आक्रोश नकळत दाबून टाकतात. खुनी कोण, याच्या जोडीला कुणाला काय ठाऊक होते आणि तो का बोलला नाही, हेही लिंडाला शोधावे लागते. एवढे सारे दिसूनही ती आपली मंडळी सोडत नाही.

१९२३ मध्ये डॉयल सॉल्ट लेक सिटीला व्याख्यानासाठी गेले. मॉर्मनांनी त्यांना आपल्याच टॅबरनॅकल सभागृहात बोलू दिले. आपण रंगवलेले चित्र भडक होते, हे पुढे त्यांनी मान्य केले. डॅनाइटांचे प्रकरण इतिहासातले आहे, हे मात्र सोडले नाही. २०११ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या अ‍ॅल्बेमार्ल परगण्यात हीच कादंबरी मॉर्मनांच्या चित्रणामुळे सहावीच्या वाचनयादीतून काढली गेली. पालकांची तक्रार समजण्याजोगी होती. तरी पुस्तक नजरेआड केल्याने साचा मोडत नाही. मुले थोडी मोठी झाल्यावर डॉयल यांच्या शेजारी हॅरिसन यांचे पुस्तक ठेवून दोन्ही वाचायला दिली, तर एकाच समाजाकडे दुरून पाहिले की काय दिसते आणि आतून पाहिले की काय दिसते, हे त्यांचे त्यांनाच उमगेल.