जुन्या लष्करी बिल्ल्यांचा बाजार : अस्सल माल ओळखावा कसा?

मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर, जुनी घड्याळे आणि ग्रामोफोन यांच्या शेजारी लष्करी कोट, टोप्या, पितळी बिल्लेही विकायला येतात. या मालाला गिऱ्हाईक थोडे, पण जो येतो तो जाणता असतो. त्याला कापडाशी फारसे कर्तव्य नसते. तो पाहतो बाहीवरचे चिन्ह. दुसऱ्या महायुद्धातील चौथ्या हिंदी डिव्हिजनचा लाल गरुड किंवा सतराव्या डिव्हिजनचे काळे मांजर असले की साधा खाकी कोट एकदम भारी होतो. मग साध्या कोटावर नवे चिन्ह शिवून त्याला भारी करणारेही निघतातच.

आमचे सांगणे असे की आधी बिल्ला पाहू नये, बिल्ल्याखालचे कापड पाहावे. चिन्हाची कड हलकेच उचलावी. वर्षानुवर्षे झाकलेले कापड भोवतालच्या कापडापेक्षा गडद राहते. खाली रंगात काहीच फरक नसेल तर संशय घ्यावा. भलत्याच आकाराची सावली दिसली, किंवा सुईची रिकामी छिद्रे दिसली, तर तेथे पूर्वी दुसरेच चिन्ह होते असे समजावे. कसर लागलेला लोकरी कोट तर खूपच सांगून जातो. कसरीचे भोक कोटात आहे आणि त्यावरचे लोकरी चिन्ह मात्र शाबूत, असे दिसले तर दोघांचा सहवास जुना नाही!

नोटा तपासण्याचा जांभळा दिवा आता बऱ्याच गल्ल्यांवर असतो. त्याखाली बिल्ला धरावा. धाग्याला पांढरी झळाळी देणारी रसायने महायुद्धानंतर सर्रास वापरात आली, म्हणून १९४० च्या आधीचा धागा या दिव्याखाली सहसा चमकत नाही. पण जुना कोट कोणी आजच्या पावडरीने धुतला असेल तर तोही चमकतो. एवढ्यावरून निकाल देऊ नये. शिलाईच्या दोऱ्याचे एक टोक मालकाच्या परवानगीने जाळून पाहावे. सुती दोऱ्याची राख होते, पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. पॉलिस्टर बाजारात आले ते १९५० नंतर.

जरीच्या बिल्ल्यांत आमच्या जरदोजी कारागिरांइतकी नजर दुसऱ्या कोणाची नाही. खरी कलाबतू वयाबरोबर काळवंडते, पण सगळीकडे सारखी नाही. उघड्या भागावर जास्त, दुमडीत कमी. चहाच्या पाण्यात बुडवून ‘जुना’ केलेला बिल्ला मागून-पुढून एकाच रंगाचा दिसतो. प्लास्टिकची जर तर काळवंडतच नाही.

ओबडधोबड काम म्हणजे नकली, हा मात्र गैरसमज आहे. युद्धकाळात हिंदी फौजेची कितीतरी चिन्हे बाजारातल्या दर्ज्यांनी सुती कापडावर घाईघाईने केली. एकाच डिव्हिजनची चार चिन्हे चार तऱ्हांची सापडतात. उलट, यंत्राने काढलेले शंभर बिल्ले एकाच साच्याचे असतील तर जपून असावे. पितळी बिल्ल्यात कडा बोथट, पृष्ठभागावर बारीक पुटकुळ्या आणि माप किंचित लहान असेल तर तो अस्सलवरून साचा घेऊन ओतलेला असतो. जुन्याच ठशावर नव्याने ठोकलेला बिल्ला ओळखणे मात्र कठीण, तेथे जाणकारही चुकतात.

मुकुटावरून काळ सांगण्याची जुनी रीत आहे. राजाचा मुकुट गोल घुमटाचा, आणि १९५३ पासून राणीचा मध्ये खचलेला. भारतात २६ जानेवारी १९५० नंतर मुकुट जाऊन अशोकाचे सिंह आले. परंतु २०२२ मध्ये राजा चार्ल्स यांनी पुन्हा घुमटाचाच मुकुट निवडला. तेव्हा नुसत्या घुमटावरून बिल्ला जुना ठरवणारा दुकानदार आज फसेल.

आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांवरील ऐतिहासिक वस्तू खासगी व्यापाऱ्याला परदेशी पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धातला माल आता त्या वयाला पोचला आहे.

बनारसच्या लल्लापुऱ्यात आजही हाताने जरीचे बिल्ले बनतात आणि परदेशी जातात. ती इमानाची कमाई आहे. नवा बिल्ला नवा म्हणून विकण्यात खोट काहीच नाही. खोट शिरते ती मधल्या हातात, आणि नाव मात्र बदनाम होते कारागिराचे. म्हणून कारागीर बांधवांनी बिल्ल्याच्या पाठीवर पक्क्या शाईने सालाचा शिक्का मारावा आणि दुकानदारांनी बिलावर ‘नवीन, जुन्या नमुन्याप्रमाणे’ असे स्पष्ट लिहावे. शिक्क्याला खर्च तो किती?